निसर्गोपचाराची प्रॅक्टिस सुरू करताना: पहिल्या केस पेपरपासून तीन महिन्यांच्या पाठपुराव्यापर्यंत

कटिस्नानाच्या, म्हणजे कमरेपर्यंत पाणी असलेल्या टबात पेशंट बसला की नवीन उपचारकाची नजर घड्याळावर खिळते. ती पेशंटच्या नखांवर असायला हवी. पाणी गार, पाय टबाबाहेर पाटावर, खांद्यावर चादर, हातात मांजरपाटाचा खरखरीत तुकडा घेऊन माणूस बेंबीखाली उजवीकडून डावीकडे पोट चोळतोय, इथपर्यंत सगळं शिकवल्याप्रमाणे चाललेलं असतं. पण नखं निळसर दिसू लागली, दातावर दात आपटू लागले, की दहा मिनिटं पुरी व्हायची वाट बघायची नाही. त्याला उठवायचं, खसाखसा पुसायचं, कपडे घालून चालायला लावायचं. गार पाण्याला शरीर जे उत्तर देतं, त्यातच सगळा उपचार असतो. ते उत्तर वाचायला शिकणं म्हणजेच ही प्रॅक्टिस शिकणं, असं मी इतक्या वर्षांनंतर मनापासून मानतो.

बीएनवायएस (निसर्गोपचार आणि योगशास्त्राची पदवी) करून नुकतेच बाहेर पडलेले, इंटर्नशिप करणारे आणि उपचार केंद्रात सहायक म्हणून काम करणारे, यांच्यासाठी हे लिहितोय. स्वतःसाठी किंवा घरातल्या कुणासाठी उपचारक शोधणाऱ्यांनीही वाचावं. चांगल्या उपचारकानं काय विचारायला हवं, हे त्यातून कळेल.

आधी आपली मुळं

आपण वापरतो ते बरेचसे उपचार युरोपातून आले. सिलेशियातल्या ग्रेफेनबर्गच्या व्हिन्सेंट प्रिस्निट्झ या शेतकऱ्याने (१७९९ ते १८५१) गार पाणी आणि ओल्या चादरींचे उपचार नावारूपाला आणले. पुढे बव्हेरियात वोरिशोफेनला सेबास्टियन क्नाइप या धर्मगुरूने पाण्याच्या धारा, दवावर चालणं, साधं जेवण अशी शिस्त बसवली. लाइपझिगच्या लुई कूनेने कटिस्नान आणि मेहनस्नान (गुप्तांगाजवळचा भाग गार पाण्याने ओल्या फडक्याने चोळण्याचं स्नान) दिलं. बेनेडिक्ट लस्टने हे सगळं अमेरिकेत नेलं आणि १९०१ साली न्यूयॉर्कमध्ये त्याची शाळा काढली.

आपल्याकडे ही पद्धत रुजली ती गांधीजींमुळे. दक्षिण आफ्रिकेत असतानाच त्यांनी कूने आणि अडॉल्फ जुस्ट या जर्मन निसर्गोपचारकांची पुस्तकं वाचली आणि मातीची पट्टी, कटिस्नान स्वतःवर करून पाहिलं. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात ते वेगवेगळ्या वेळी मिळून १५६ दिवस राहिले. ताडीवाला रोडवरच्या त्याच वास्तूत १९८६ पासून राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. १८ नोव्हेंबर १९४५ रोजी पुण्यात अखिल भारतीय निसर्गोपचार ट्रस्टच्या करारनाम्यावर त्यांनी सही केली, म्हणून १८ नोव्हेंबर हा आपला निसर्गोपचार दिन. पण शहरातलं केंद्र गरिबाच्या कामाचं नाही, हे त्यांना बोचत होतं. म्हणून मार्च १९४६ मध्ये ते पुण्याजवळच्या उरुळी कांचनला गेले, गावातल्या लोकांना तपासलं, आणि पुढे मणिभाई देसाईंनी तिथला आश्रम आयुष्यभर सांभाळला. उपचार असा हवा की तो माणसाला घरी, स्वतःच्या हाताने, विकत काही न घेता करता यावा, ही उरुळीची कसोटी मी आजही प्रत्येक प्रिस्क्रिप्शनला लावतो.

याच्या जोडीला आणखी एक तारीख लक्षात ठेवा. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्याच ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन केलं. माती आणि पाण्यावर इतकी श्रद्धा असलेला माणूसही त्या रात्री ऑपरेशन टेबलावर झोपला. पोट दुखणाऱ्या पेशंटला मातीची पट्टी लावण्याआधी ही रात्र आठवा.

तत्त्वांबद्दलही स्पष्ट असलेलं बरं. शरीरात स्वतःला दुरुस्त करण्याची ताकद असते, कारण शोधून काढावं, इजा करू नये, पेशंटला शिकवावं, ही तत्त्वं पक्की आहेत. पण सगळे रोग म्हणजे एकच, शरीरात साठलेलं ‘विजातीय द्रव्य’, ही कूनेची मांडणी एकोणिसाव्या शतकातली आहे. क्षयरोग जिवाणूंमुळे होतो आणि त्याला औषधाचा पूर्ण कोर्सच लागतो. टाकाऊ द्रव्यं बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं अहोरात्र करत असतात. पेशंटशी बोलताना ‘टॉक्सिन’ हा शब्द मी वापरत नाही. तो काहीच सांगत नाही आणि घाबरवतो मात्र खूप.

पदवी, कायदा आणि पाटीवरचा मजकूर

बीएनवायएस हा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर मग एक वर्षाची इंटर्नशिप. शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र, निदान हे सगळं त्यात असतं, आणि ते विसरायचं नसतं. २०२० च्या राष्ट्रीय भारतीय वैद्यक पद्धती आयोग कायद्यात निसर्गोपचार घेतलेला नाही, त्यामुळे नोंदणीची व्यवस्था राज्याराज्यांत वेगळी आहे. जिथे काम करणार, तिथला नियम लेखी मागून घ्या. दोन-चार आठवड्यांची प्रमाणपत्रं घेऊन कुणी ‘डॉक्टर’ची पाटी लावत असेल तर त्याच्या केंद्रात नोकरी धरू नका, पगार कितीही असो.

१९५४ च्या औषधे आणि जादूई उपाय कायद्यानुसार मधुमेह, कर्करोग अशा ठरावीक आजारांवर उपचाराची जाहिरात करता येत नाही. ‘मधुमेह मुळापासून घालवा’ हा फ्लेक्स त्यात बसतो. आपल्या शिक्षणाबाहेरच्या पद्धतीची औषधं लिहिणं हा स्वतःच निष्काळजीपणा आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली एका होमिओपॅथी डॉक्टरच्या प्रकरणात दिला. आपल्यालाही तोच धडा: अँटिबायोटिक लिहायची नाही, कितीही आग्रह झाला तरी.

पायरी पहिली: औषधांची पिशवी

पहिल्या भेटीला पाऊण तास ठेवा. अपॉइंटमेंट देतानाच सांगा, ‘घरात असतील त्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आणा, काढेही आणा.’ चिठ्ठी नको, गोळ्यांच्या पट्ट्याच हव्यात. सासवडकडच्या एक मावशी अशी पिशवी घेऊन आल्या होत्या. मी टेबलावर पट्ट्या मांडल्या. बीपीची एकच गोळी दोन कंपन्यांच्या दोन नावांनी त्या घेत होत्या, एक गावातल्या डॉक्टरांची आणि एक मुलाने मुंबईहून पाठवलेली. चक्कर येते म्हणून त्या माझ्याकडे आल्या होत्या. मी म्हटलं, ‘मावशी, आज उपचार काही नाही. ही चिठ्ठी घ्या आणि संध्याकाळपर्यंत तुमच्या डॉक्टरांना दाखवा.’ पाणी, माती काहीही न लावता झालेला तो माझ्या हातचा चांगल्यातला चांगला उपचार असेल.

नंतर दिवस विचारा, आजार नव्हे. उठल्यापासून झोपेपर्यंत काय केलं, तेवढंच. चहा किती, त्यात साखर किती. पाणी किती. शौचाला कधी, जोर करावा लागतो का. रात्री लघवीला कितीदा उठता. मिश्री, तंबाखू. बायकांना पाळी, आणि दिवस गेलेले असण्याची शक्यता. घरात स्वयंपाक कोण करतं, हेही विचारा, कारण पथ्य त्या माणसाशी बोलल्याशिवाय पाळलं जात नाही. मग वजन, कमरेचा घेर, नाडी, बसून आणि उभं राहून बीपी, तापमान, आणि मधुमेही असेल तर पायाची तपासणी. ती तपासणी कधीही चुकवू नका. का, ते पुढे येईल.

पायरी दुसरी: आज कुणाला घ्यायचं नाही

छातीत दुखतंय, घाम फुटलाय. चेहरा एका बाजूला वाकडा झालाय, हात उचलत नाही, बोबडं बोलतोय. उजव्या खालच्या पोटात वाढत जाणारं दुखणं. ताप आणि ताठलेली मान. शौचातून रक्त, काळा शौच. कारण नसताना उतरलेलं वजन. स्तनात किंवा मानेत गाठ. दोन आठवड्यांपेक्षा जुना खोकला. कावीळ. ‘जगून काय करायचं’ असं सहज बोललेलं वाक्य. यातल्या पहिल्या चारांना त्याच क्षणी गाडीत बसवून रुग्णालयात पाठवायचं, बाकीच्यांना एक-दोन दिवसांत तपासणीला, आणि जीव नकोसा झालेल्याला एकटं घरी सोडायचं नाही.

पाठवताना चिठ्ठी द्या. चार ओळी पुरतात: काय तक्रार, कधीपासून, आज काय मोजलं, काय शंका आहे. शेवटी लिहा, ‘आपला सल्ला कळवावा.’ निम्मे डॉक्टर तरी उत्तर देतात, आणि दोन-तीन वर्षांत ते स्वतःच पेशंट पाठवू लागतात.

पायरी तिसरी: पाण्याची मात्रा

पाण्याला गोळीसारखे मिलिग्रॅम नसतात, म्हणून अनेकजण ते अंदाजपंचे देतात. पण त्याचीही मात्रा असते: तापमान, वेळ, आणि शरीराचा किती भाग. तिन्ही केस पेपरवर लिहायचे. तापमान कोपराने नाही, थर्मामीटरने. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी ‘गार’ म्हणून टबात घेतलं तर ते कोमट निघतं, आणि जानेवारीत तेच पाणी म्हाताऱ्या माणसाला सोसवत नाही.

गार पाणी लागलं की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आधी आकसतात, मग थोड्या वेळाने सैल होतात आणि त्वचा गुलाबी, उबदार होते. ही दुसरी अवस्था म्हणजे प्रतिक्रिया. ती आली तर उपचार लागू पडला. ती यायची तर शरीर आधी गरम हवं. म्हणून गार कटिस्नानाआधी पेशंटला दहा मिनिटं चालायला लावा किंवा पाय कोमट पाण्यात ठेवा. पहिल्या दिवशी २६ अंश, पाच मिनिटं. प्रतिक्रिया चांगली आली तर रोज एखादा अंश खाली, एखादं मिनिट वर. १८ अंशांना दहा मिनिटं इथे बहुतेकांसाठी थांबावं. पोट रिकामं हवं, आणि नंतर अर्धा-पाऊण तास खाणं नाही. पाळी चालू असताना, लघवीला जळजळ असताना, हृदयविकारात गार कटिस्नान नाही.

झोप न लागणाऱ्यांना आणि चिडचिड होणाऱ्यांना गार पाणी नको, समशीतोष्ण द्या. ३३ ते ३५ अंश, वीस मिनिटं, दिवे मंद, बोलणं नाही. पाणी अंगाला गारही वाटत नाही आणि गरमही नाही, ही त्याची खूण.

आता उष्ण पादस्नान. ४० अंशांपासून सुरू करून पेशंटला विचारत विचारत गरम पाणी वाढवायचं, डोक्यावर गार पाण्याचा पंचा, आधी एक पेला पाणी, दहा ते पंधरा मिनिटं. सर्दीत, पाय दुखण्यात आराम पडतो. दिसायला इतका निरुपद्रवी उपचार दुसरा नाही, आणि माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक याच उपचारातली आहे. उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षी, एका केंद्रात, मधुमेह असलेल्या एका काकांना मी पादस्नान दिलं. ‘गरम वाटतंय का?’ विचारलं, ते म्हणाले, ‘छान आहे, अजून घाला.’ मी घातलं. संध्याकाळी दोन्ही पावलांवर फोड आले होते. त्यांच्या पायांना गरम कळतच नव्हतं, आणि मी पाय तपासले नव्हते. ती जखम भरायला दीड महिना लागला. ड्रेसिंगच्या वेळी काका मलाच धीर देत होते. त्या दिवसापासून मधुमेही पेशंटच्या पायाला मोनोफिलामेंट (नायलॉनचा बारीक तंतू) लावून संवेदना बघितल्याशिवाय मी गरम पाणी जवळ आणत नाही, आणि संवेदना कमी असेल तर पादस्नानच नाही.

वाफस्नानाला हाच हिशेब. दहा मिनिटांपेक्षा जास्त सुरुवातीला नाही, वाफेच्या पेटीजवळून उपचारकाने हलायचं नाही, आणि बीपी काबूत नसलेले, गरोदर बायका, हृदयरोगी, ताप असलेले यांना नाही. जलनेतीचं पाणी उकळून कोमट केलेलं आणि मीठ मोजून घातलेलं हवं. नळाचं थेट पाणी नाकात घालू देऊ नका, त्यातून क्वचित जीवघेणा मेंदूज्वर होतो.

माती

तीन-चार फूट खोलीवरची, खत किंवा फवारणी न पडलेल्या जागेची माती घ्या. कडक उन्हात वाळवा, चाळा, रात्रभर भिजवा. मांजरपाटाच्या फडक्यात थापून साधारण दहा इंच लांब, सहा इंच रुंद, एक इंच जाड पट्टी करा आणि बेंबीखाली वीस ते तीस मिनिटं ठेवा. थंडीने कुडकुडणाऱ्याला नको. उघड्या जखमेवर तर अजिबात नको, मातीत धनुर्वाताचे जिवाणू असतात. एकाची पट्टी दुसऱ्याला लावायची नाही.

पायरी चौथी: ताट आणि उपवास

टब आणि मातीबद्दल पेशंट भरभरून बोलतात, पण दीर्घ आजारात खरा फरक ताट पाडतं. याचे पुरावेही भक्कम आहेत. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या डायरेक्ट नावाच्या चाचणीत, सहा वर्षांच्या आत टाइप-२ मधुमेह झालेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांना तीन ते पाच महिने रोज साधारण साडेआठशे कॅलरींवर ठेवलं. वर्षाअखेरीस त्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना मर्यादेत होती. हा आकडा सांगताना पुढचं वाक्यही सांगा: गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या होत्या, त्यांच्याच देखरेखीत, आणि वजन परत वाढलं तर साखरही परत येते.

आहार लिहिताना पेशंटच्या स्वयंपाकघरातूनच लिहा. ज्वारी-बाजरीची भाकरी, मुगाचं कढण, घट्ट वरण, उसळ, पालेभाजी, काकडी-मुळ्याची कोशिंबीर, ताक. परदेशी बिया, पावडरी मी लिहीत नाही. मीठ कमी करायचं तर ‘मीठ कमी करा’ म्हणून होत नाही. लोणचं, पापड, चटणीतलं मीठ, फरसाण यांची यादी त्यांच्यासमोर करा आणि त्यातली एकच गोष्ट पहिल्या पंधरवड्यात कमी करायला सांगा.

रसांबद्दल सावध. मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारखी बीपीची गोळी चालू असेल, तर नारळपाणी आणि पालेभाज्यांच्या रसांनी रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्याने पालेभाजी एकदम वाढवली तर औषधाचा परिणाम उतरतो. दुधीचा रस काढण्याआधी फोडीचा तुकडा चाखायचाच. कडू लागला तर सगळा दुधी फेकून द्या. कडू दुधीच्या रसाने रक्ताच्या उलट्या होतात आणि माणसं दगावलीही आहेत.

उपवास हे आपल्या पद्धतीतलं सगळ्यात धारदार हत्यार. आपल्या लोकांना एकादशी, चतुर्थीची सवय असल्याने ‘तीन दिवस पाण्यावर राहतो’ असं ते सहज म्हणतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्याची साखर उपवासात धोकादायक खाली जाते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्यांवर असलेल्याच्या रक्तात उपवासाने आम्ल साठू शकतं, आणि तेव्हा साखर फारशी वाढलेलीही नसते, त्यामुळे लक्षात येत नाही. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, अशक्त, लहान मुलं, खाण्याविषयीच्या मानसिक आजारातून गेलेले, यांना उपवास नाहीच. बाकीच्यांना बाह्यरुग्ण म्हणून मी आठवड्यातून एक दिवस फळं आणि ताक, यापुढे जात नाही. लांब उपवास फक्त निवासी केंद्रात, रोज बीपी, वजन आणि रक्ततपासणीच्या सोयीसह. आणि सोडताना घाई नको: पहिल्या दिवशी पेज, मग मऊ भात आणि कढण, भाकरी तिसऱ्या दिवशी. बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम जेवू घातलं तर रक्तातले क्षार कोसळून जीव जाऊ शकतो.

याच ठिकाणी ‘हीलिंग क्रायसिस’ हा शब्द फार नुकसान करतो. उलटी, पुरळ, चक्कर, धडधड, काही झालं की ‘शरीर शुद्ध होतंय’ म्हणायचं. मी इंटर्नना सांगतो, नवीन लक्षण दिसलं की उपचार थांबवा, मोजा, आणि ते आजाराचं नाही हे सिद्ध होईपर्यंत आजाराचंच समजा.

चालू औषधांचं काय

‘गोळ्या बंद होतील ना?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: ‘तुमचे आकडे सुधारले तर तुमचे डॉक्टर कमी करतील. मी त्यांना आकडे पाठवीन.’ आणि खरोखर पाठवा. वजन उतरू लागलं, मीठ कमी झालं की जुन्या डोसने बीपी जास्तच खाली जातं, उभं राहताना अंधारी येते. म्हणून घरी सकाळ-संध्याकाळ बीपी लिहायला लावा आणि दर पंधरवड्याला त्या पानाचा फोटो डॉक्टरांना जाऊ द्या. साखर ७० च्या खाली गेली तर काय करायचं, तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हे घरातल्या दोन माणसांकडून तोंडपाठ म्हणून घ्या.

जागा आणि कागद

दोन खोल्यांतही चांगलं केंद्र चालतं. पण फरशी निसरडी नको, टबाशेजारी धरायला दांडी हवी, बायकांचा विभाग वेगळा आणि तिथे बाईच सहायक हवी. प्रत्येक पेशंटनंतर टब साबणाने धुऊन हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने पुसायचा. चादरी आणि पंचे वेगळे, गरम पाण्यात धुतलेले. एनिमाची नळी एकदा वापरून टाकायची, आणि असा कचरा २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणेच जायला हवा. एनिमा साध्या कोमट पाण्याचा, गरजेपुरता. रोजची सवय लावू नका.

संमतीपत्र सोप्या मराठीत, एका पानाचं. कुठला उपचार, काय त्रास होऊ शकतो, मधेच थांबवायचा अधिकार, चालू औषधं आपण बंद केलेली नाहीत. वाचून दाखवा आणि मग सही घ्या. मालिश किंवा कटिस्नानाआधी शरीराचा कोणता भाग उघडा राहील, हेही आधी सांगा.

शेवटची पायरी: पाठपुरावा

पहिला फोन तिसऱ्या दिवशी, भेट पंधराव्या दिवशी, मग महिना, मग तीन महिने. प्रत्येक वेळी तेच चार-पाच आकडे, त्याच क्रमाने, आणि एकच प्रश्न: ‘सांगितलेल्यातलं काय जमलं नाही?’ ‘काय जमलं’ विचारलं तर लोक आपल्याला बरं वाटेल ते सांगतात. जमलं नाही ते सुटसुटीत करून द्या, आणि तीन महिन्यांत आकडा हलला नाही तर तसं पेशंटला स्पष्ट सांगून पुढचा रस्ता त्याच्या डॉक्टरांबरोबर ठरवा.

बद्धकोष्ठतेसाठी आलेल्या एका आजींना मी कटिस्नान शिकवलं होतं. टब विकत घ्यायचा नाही म्हणून त्यांनी तुळशी वृंदावनाजवळ मोठं घमेलं मांडलं. तीन महिन्यांनी वही घेऊन आल्या. नातीच्या अक्षरात रोजची नोंद होती, पाणी किती अंश, किती मिनिटं, पोट साफ झालं की नाही. मधल्या आठ दिवसांपुढे फक्त एक शब्द होता, ‘पाऊस’. आणि शेवटच्या पानावर आजींचा प्रश्न: ‘आता रोज होतं. घमेलं उचलून ठेवू का?’ मी त्याखाली लिहिलं, ‘ठेवा.’